दोन एकोणीस

आमच्या टूरमध्ये नऊ थांबे आहेत आणि सातव्या थांब्यावर लोक हसतात. अंदाजानं सांगत नाही, चौदा वर्षांचा अनुभव आहे. पार्किंगच्या दुसऱ्या तळघरातून बेचाळीस पायऱ्यांचा लोखंडी जिना उतरून खाली आलं, की पहिल्या थांब्यावर लोक माना वर करून काँक्रीटचं छत बघतात आणि डोक्यावरून गाडी गेली की दचकतात. तिसऱ्या थांब्यावर गटार आहे. "दोन हजार वर्षांपूर्वीचं हे गटार अजून वाहतंय, वरचं नवं मात्र मागच्याच आठवड्यात तुंबलं," असं मी म्हणतो तेव्हा थोडी खसखस पिकते. पाचव्यावर भट्टी, सहाव्यावर झिजलेला उंबरठा. तोवर लोकांचे पाय दुखायला लागलेले असतात. कोणी भिंतीला टेकतं, कोणी मोबाइलला रेंज शोधतं. मग मी सातव्या थांब्यावर हुकमाचा एक्का काढतो.

सातवा थांबा म्हणजे एक भिंत. छातीएवढी उंच, घडीव दगडांची, पाच थरांची. खालून दुसऱ्या थरावर एक वेल कोरलेली आहे. पानं, कळ्या, एका पानावर बसलेला किडासुद्धा. पण या वेलीला मूळ नाही. डाव्या टोकाला ती एका कोऱ्या दगडाला धडकते आणि तिथेच तुटते. मूळ आहे त्याच्या वरच्या थरात, टोकाच्या दगडावर, एकटंच.

"मंडळी," मी म्हणतो, "मूळ डोक्यावर घेऊन फिरणारी ही जगातली एकमेव वेल. वरच्या पार्किंगचा खांब उभारायला ही भिंत उतरवावी लागली. प्रत्येक दगडावर आकडा घातला होता. आकडा बघायचा आणि दगड परत जागेवर लावायचा, एवढंच काम. पण आमच्या गवंड्याला अकरा कुठला आणि एकोणीस कुठला, तेच कळेना! दोन हजार वर्षांत जे कोणाला जमलं नाही, ते त्या पठ्ठ्यानं एका दुपारात करून दाखवलं."

लोक हसतात. कोणीतरी हमखास म्हणतं, "असलेच लोक भरतात हो." मी मान डोलावतो. वर गेल्यावर अभिप्रायाच्या वहीत लोक लिहितात, 'गाईड अतिशय विनोदी आहेत.'

आता खरं सांगतो. तो आकडा मी घातला होता.

सतरा वर्षांपूर्वी पार्किंगसाठी खणताना ही जुनी गल्ली सापडली, तेव्हा मी साइटवर रोजंदारीवर होतो. त्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. अक्षर बरं होतं, म्हणून उतरवायच्या दगडांवर आकडे घालायचं काम मला मिळालं. नकाशात जो आकडा तोच दगडाच्या कडेवर, लाल रंगात. भिंतीचा खालचा थर दहा दगडांचा होता. दुसरा थर अकरापासून सुरू व्हायचा, तिसरा एकोणीसपासून. दहा दगड झाले, अकराव्यावर ब्रश टेकला आणि जेवणाची सुट्टी झाली. घाईत लिहिलं की माझ्या शेवटच्या एकाला वळसा जातो. शाळेत मास्तर कान पिळून विचारायचे, "हा एक आहे की नऊ, गाढवा?" त्या दिवशी कान पिळायला कोणी नव्हतं. मी ब्रश डब्यात टाकला आणि जेवायला गेलो.

ते दगड पुढे रचले ओळंब्यानं. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. हा माणूस एक डोळा मिटून भिंतीपाशी उभा राहिला, की दोरी सोडायची गरजच पडत नसे, म्हणून सगळी साइट त्यालाच ओळंबा म्हणायची. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला पेंटर. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. विटा मोजता मोजता आकडे तेवढे शिकला होता, आणि अक्षरं येत नाहीत याची त्याला फार लाज वाटायची. सकाळची शाळा सुटली की त्याची मुलगी डबा घेऊन यायची. आम्ही तिघं मिळून जेवायचो. बाप हात धुऊन येईपर्यंत मी तिला पाढे विचारायचो. दहा वर्षांची पोर, पण एकोणीसचा पाढा घडाघडा म्हणायची. मी तिला पाढेबाई म्हणायचो.

भिंत रचायच्या दिवशी ओळंबा बेचाळीस पायऱ्या चढून वर आला. मी पत्र्याच्या ऑफिसात इंजिनिअरसाहेबांसमोर चहा पीत बसलो होतो. रोजंदारीवरच्या दोघांना कायम करणार होते आणि माझी त्याचीच बोलणी चालली होती. ओळंबा दारातूनच म्हणाला, "पेंटर, जरा खाली येतोस? दोन एकोणीस दिसतायत. अकरा काही सापडेना."

खाली जाऊन बघायला पाच मिनिटं लागली असती. पण साहेबांसमोर माझ्याच कामात खोट निघालेली मला नको होती. मी म्हणालो, "काय दादा, अकरा नि एकोणीस एवढंही कळत नाही? पाढेबाईला विचार जा!" साहेब हसले. दाराशी उभे असलेले दोन मजूर हसले. ओळंबाही कसनुसा हसला आणि जिना उतरून गेला. तो पुन्हा विचारायला आला नाही. दोन्ही दगड मापाला सारखे, दोन्हींवर मातीचा जाड पोपडा. त्यानं अंदाजानं एक खाली लावला, एक वर.

दोन वर्षांनी दगड धुतले, वेल दिसायला लागली आणि घोळ उघडकीला आला. चौकशी बसली. ती वर ऑफिसात टेबलाभोवती झाली, पायऱ्या कोणी उतरलं नाही. मी उतरलो होतो, आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. भिंतीचं डावं टोक आणि नवा खांब यांच्यामध्ये वीतभर फट आहे. तिथे टॉर्च मारला की टोकाच्या दगडांच्या कडा दिसतात. खालचा एकोणीस. वरचाही एकोणीस. वळसा माझा, दुसऱ्या कोणाचा असणार? खिशात थिनरची बाटली होती. एका चिंधीनं काम झालं असतं. मी आकडे पुसलेही नाहीत आणि कोणाला सांगितलंही नाही. धड चोर नाही, धड साव नाही, असा मी जिना चढून वर आलो.

"आकडे नीट घातले होते?" साहेबांनी मला विचारलं.

"हो," मी म्हणालो.

मग त्यांनी ओळंब्याला विचारलं, "तुला वाचता येतं का?"

तो म्हणाला, "आकडे येतात साहेब." त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "पण माझंच चुकलं असेल."

त्या 'असेल'वर फाइल बंद झाली. त्याचं नाव कामगारांच्या यादीतून गेलं. जुन्या बांधकामावर त्याला पुन्हा कोणी घेतलं नाही. न्हाणीघरांच्या फरश्या बसवतो, असं नंतर कुठून तरी कानावर आलं. मी कायम झालो. भिंत पुन्हा उतरवणं धोक्याचं म्हणून ती तशीच राहिली, आणि पुढच्या वर्षी टूर सुरू झाल्या तेव्हा बोलका म्हणून मला गाईड केलं. पहिल्याच महिन्यात एका बाईंनी विचारलं, वेल अशी का? उचलली जीभ लावली टाळ्याला. लोक हसले आणि मला हलकं वाटलं, हेही खरंच आहे. तेव्हापासून रोज दोन टूर. त्या माणसाला मी चौदा वर्षं रोज दोनदा कामावरून काढत आलो.

मंगळवारी सकाळच्या टूरला अठरा जण होते. पिवळी हेल्मेटं वाटताना मी चेहरे बघत नाही, डोकी मोजतो. एक जाडजूड, हसऱ्या मावशी तेवढ्या लक्षात राहिल्या, कारण त्या दुसऱ्यांदा आल्या होत्या. बरोबर भाऊ होता. "याला खास तुमचं ते गवंड्याचं ऐकवायला आणलंय," जिन्यावरच त्या म्हणाल्या. मी खूश होऊन कॉलरचा माइक सारखा केला. कमरेला छोटा स्पीकर असतो, त्यामुळे मागच्यालाही ऐकू जातं.

गटाराची कोटी झाली, भट्टी झाली. सहाव्या थांब्यावर उंबरठ्याबद्दल बोलताना माझं लक्ष मागे गेलं. एक म्हातारा घोळक्यातून बाजूला होऊन भिंतीच्या कोपऱ्याशी उभा होता. मान किंचित तिरकी, एक डोळा मिटलेला.

बोलता बोलता मी त्याच उंबरठ्याचं वय दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा वेगळं. म्हाताऱ्याच्या शेजारी चष्मा लावलेली एक तरुण बाई होती. तिच्याकडे बघायचा मला धीरच झाला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर तळघरात लख्ख ऊन पडलं होतं. काय करावं सुचेना, तेव्हा मी घसा खाकरून म्हणालो, "सातव्या थांब्यावर आज जरा ओल आहे. आपण सरळ आठव्याकडे जाऊ."

"अहो, असं कसं!" मावशी जागच्या हलेनात. "मी भावाला कशाला आणलंय मग? लांबून नुसतं बघू की. आणि ते सांगा हो, अकरा-एकोणीसचं!"

"सांगा, सांगा," आणखी दोघं-तिघं म्हणाले.

"काही विशेष नाही हो त्यात," मी पुटपुटलो. ते पुटपुटणं स्पीकरमधून मोठ्यानं बाहेर आलं.

"सांग की, पेंटर."

चौदा वर्षांत मला कोणी पेंटर म्हटलं नव्हतं. तो पुढे आला आणि हेल्मेट काढून काखेत धरलं. केस पांढरे झाले होते, बोटांची पेरं सिमेंटनं खाल्लेली. "नाही सांगत? बरं, मीच सांगतो," तो लोकांकडे वळून म्हणाला. "तो गवंडी मीच."

मावशींचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्यांच्या भावानं मात्र टाळी वाजवली. त्याला वाटलं, हाही टूरचाच भाग आहे. ओळंब्यानं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. भिंतीवर हात ठेवून तो निवांत सांगायला लागला, घरी पाहुण्यांना अनेकदा सांगून झालेलं असावं तसा.

"शाळेत नाही गेलो कधी. आकडे तेवढे येतात, असं मला वाटायचं. हे दोन दगड हातात आले तर दोन्हींवर एकोणीस. वर जाऊन विचारलं." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "वरचे म्हणाले, नीट वाच. नीट वाचलं. बोट फिरवून वाचलं. तरी एकोणीसच. मग म्हटलं, आपल्यालाच दिसत नाही, परत कुठे हसं करून घ्या? लावला अंदाजानं. आणि बसली वेल डोक्यावर!" दोघं-तिघं हसले. तोही हसला. "घरी जाऊन हिला म्हटलं, पोरी, बापाला एका आकड्यानं खाल्लं, तू आकड्यांना खा. आता ही शाळेत गणित शिकवते."

"बाबा, पुरे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ओळखलंत ना काका?"

"पाढेबाई," मी म्हणालो. ती हसली नाही.

"आमच्या शाळेची सहल आली होती इथे. बरोबरच्या बाईंनी परत येऊन सगळ्यांना हा विनोद सांगितला. कोणाबद्दल आहे ते त्यांना माहीत नव्हतं. मी घरी बोलायला नको होतं, पण रागाच्या भरात बोलून गेले. तेव्हापासून बाबा धरून बसलेत, मला एकदा बघायचंय."

"हिची दुसऱ्या गावी बदली झालीय," ओळंबा म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तिकडे जायचं. म्हटलं, जायच्या आधी बघून यावं, कुठं चुकलो ते. पेंटर, तो अकरा आहे का रे अजून? दाखव ना. सतरा वर्षं डोक्यातून जात नाही. एवढा कसा चुकलो मी?"

त्यानं इतक्या साधेपणानं विचारलं की मला ओरडावंसं वाटलं. त्याला राग नव्हता, संशय नव्हता. ज्याच्यामुळे त्याचं काम गेलं त्याच्याकडेच तो स्वतःची चूक समजून घ्यायला आला होता. आणि मी काय म्हणालो? एवढं होऊनही मी म्हणालो, "रंग केव्हाच उडाला दादा. ओल असते ना इथे."

"असेल," तो म्हणाला.

तोच शब्द. तशीच खाली गेलेली मान. मी काहीही सांगावं आणि या माणसानं ते खरं मानावं, स्वतःच्या डोळ्यांवर नाही पण माझ्या तोंडावर विश्वास ठेवावा! मला माझीच शिसारी आली. मी कमरेचा टॉर्च काढला.

"नाही उडालेला," मी म्हणालो. "आहे. दोन्ही आहेत. पाढेबाई, तू वाच. मी सांगून उपयोग नाही."

मी तिला फट दाखवली. तिनं चष्मा सारखा केला, गाल खांबाला टेकवला आणि आत उजेड टाकला. वरून एक गाडी गेली, मग दुसरी.

"कुठला वाचू?" तिनं विचारलं.

"खालून दुसरा."

"एकोणीस."

"त्याच्या वरचा?"

"तोही एकोणीस." तिनं मग टॉर्च पुन्हा खाली आणला, पुन्हा वर नेला. वर्गात वह्या तपासताना दोन मुलांचं एकच उत्तर सापडावं, तशी ती ते आकडे बघत होती. "बाबा, दोन्हीकडे एकोणीसच लिहिलंय. अकरा नाहीच आहे." ती फटीतून बाहेर आली. तिच्या गालाला काँक्रीटची धूळ लागली होती. "हे कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो.

माइक चालूच होता. तो एक शब्द गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"तुम्हाला कळलं कधी?"

"चौकशीच्या आदल्या दिवशी."

"पंधरा वर्षं झाली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच मला सोसेना. "काका, तुम्ही आमच्या डब्यात जेवायचात."

मी ओळंब्याचे पाय धरायला वाकलो, तर तो दोन पावलं मागे सरला. रागानं नव्हे. त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यानं मुलीच्या हातातून टॉर्च घेतला, गुडघे धरत खाली बसला आणि फटीत तोंड घातलं.

"एक," त्यानं सर्वांत खालचा दगड वाचला. "हा बघ कसा सरळ काढलाय. हा कळतो."

"बरोबर," मुलगी म्हणाली.

"एकोणीस."

"बरोबर."

"एकोणीस."

"बरोबर."

तो गुडघ्यावर हात देऊन थोडा उठला. "सत्तावीस."

"बरोबर, बाबा."

"पस्तीस."

या वेळी तिनं नुसती मान हलवली. तो वळला आणि लोकांकडे बघून म्हणाला, "मला वाचता येत होतं." कोणाला सांगत होता कोण जाणे. मावशी पदरानं डोळे पुसत होत्या. भावाला कोपर मारून त्यांनी हेल्मेट काढायला लावलं.

"दादा, मला माफ कर," मी म्हणालो.

टॉर्च परत देताना त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "खाली यायचं होतंस पेंटर," तो म्हणाला. "बेचाळीसच तर पायऱ्या होत्या." मग हेल्मेट डोक्यावर ठेवून विचारलं, "पुढचा थांबा कुठला? तिकीट काढलंय, सगळं बघून जातो."

आठव्या आणि नवव्या थांब्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही. तो मात्र नीट बघत होता. विहिरीच्या कडेवरून त्यानं हात फिरवला आणि "काय काम केलंय," असं दोनदा म्हणाला.

वर आल्यावर मी अभिप्रायाची वही पुढे ओढली, तर पाढेबाईनं ती मिटून बाजूला ठेवली. "यात नाही. कोऱ्या कागदावर लिहा, ऑफिसच्या नावानं." ओळंबा दारातून म्हणाला, "राहू दे गं, समजलं ना आता." ती म्हणाली, "तुम्हाला समजलं, बाबा. कागदावर अजून तुम्हीच चुकलेले आहात." मी तिकीटवाल्या मुलीकडून कागद मागून घेतला आणि खिडकीशी उभा राहून लिहिलं. सगळं लिहिलं, चहासुद्धा. मागे दोनच्या टूरचे लोक जमायला लागले होते, मी घाईत होतो. पाढेबाईनं कागद शेवटपर्यंत वाचला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा अकरा आहे की एकोणीस?"

मी पाहिलं. वळसा गेला होता.

"अक्षरांत लिहा," ती म्हणाली.

मी खोडून अक्षरांत लिहिलं, अकरा. खाली सही केली. तिनं कागदाचा फोटो घेतला आणि मूळ कागद स्वतः नेऊन आवक खिडकीवर दिला, पोच म्हणून शिक्का मारून घेतला. साहेब रजेवर आहेत, सोमवारी येतील. काय व्हायचं ते तेव्हा होईल. निवृत्तीला मला तीन वर्षं राहिली आहेत, हा विचार मनात आला नाही असं म्हटलं तर पुन्हा खोटं ठरेल. ती दोघं निघाली तेव्हा मी दारापर्यंत गेलो. ओळंबा एक डोळा मिटून तिकीटखिडकीची चौकट बघत होता. "बाहेर झुकलीय," तो मुलीला म्हणाला. माझ्याशी बोलला नाही.

दोनच्या टूरला बावीस जण होते. गटाराची कोटी मी गाळली. सातव्या थांब्यावर आलो, टॉर्च काढला आणि फटीतले दोन्ही आकडे सगळ्यांना रांगेनं दाखवले. मग सांगितलं. इथे एका आकडे घालणाऱ्यानं अकराच्या जागी एकोणीस लिहिला. गवंड्यानं तो बरोबर वाचला, वर येऊन विचारलंही. आकडे घालणारा खाली आला नाही. पुढे चौकशीत तो खोटं बोलला. एवढंच मी सांगितलं. तो आकडे घालणारा कोण, ते माझ्या तोंडून निघालं नाही. सकाळी एवढं होऊनसुद्धा नाही निघालं.

"मग त्या गवंड्याचं काय झालं?" मागून एका गृहस्थांनी विचारलं.

चौदा वर्षांत हा प्रश्न मला एकदाही कोणी विचारला नव्हता. विनोदातल्या माणसाचं पुढे काय झालं, असं कोण विचारतं?

"त्याचं काम गेलं. सतरा वर्षांतली पंधरा वर्षं त्यानं न्हाणीघरांच्या फरश्या बसवल्या," मी म्हणालो.

"आणि तो आकडे घालणारा?"

वरून एक गाडी गेली. मी ती जाऊ दिली.

"तो कायम झाला," मी म्हणालो, आणि मग माइक तोंडाशी धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तो मीच."

कोणी हसलं नाही. मी त्यांना आठव्या थांब्याकडे घेऊन गेलो.